वाचक विचारतात : पलटणीच्या हातातली रायफल

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत लष्करी हत्यारांविषयीची पत्रे बरीच आहेत, आणि कोल्हापूर जिल्ह्यात त्याचे कोणाला नवल वाटू नये. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी असो, गडहिंग्लज-चंदगडकडची गावे असोत, टेंबलाई टेकडीवरची टेरिटोरियल आर्मीची मराठा पलटण असो वा शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचे बेळगावचे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असो, या भागात फौजेच्या गोष्टी घरोघरी निघतात. तोफा, रणगाडे आणि क्षेपणास्त्रे यांवरचे प्रश्न बाजूला ठेवून या वेळी केवळ पायदळाच्या शिपायाच्या हातातील हत्याराविषयीची पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत होते, वडील १९७१ साली पूर्व आघाडीवर होते आणि मुलगा सध्या त्याच रेजिमेंटमध्ये आहे. तिघांच्या रायफली वेगवेगळ्या, एवढे मला ठाऊक आहे. त्या का बदलल्या, आणि प्रत्येक वेळी नवी रायफल जुनीपेक्षा खरोखरच सरस होती का? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : सैन्याची रायफल बदलते तेव्हा बहुतेक वेळा आधी काडतूस बदललेले असते. कोणते काडतूस वापरायचे, ते कोणत्या कारखान्यात बनते आणि लढाईच्या दिवशी ते पुरेसे हाताशी असेल का, या तीन प्रश्नांची उत्तरे ठरली की रायफलचे रूप बरेचसे आपोआप ठरते. आपल्या घरातील तीन पिढ्यांचा हिशेब या दृष्टीने मांडला, तर तो सहज उलगडतो.

आजोबांच्या हाती .३०३ इंची ली-एनफिल्ड, म्हणजेच थ्री-नॉट-थ्री असणार. तिचे मार्क-३ हे रूप १९०७ साली सैन्यात आले आणि हुगळीकाठच्या इशापूर येथील कारखान्यात ती पुढे कित्येक दशके बनत राहिली. वजन सुमारे चार किलो, मॅगझिनमध्ये दहा काडतुसे, आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्टचा दांडा उचलून मागे ओढायचा, पुढे ढकलायचा आणि खाली दाबायचा, अशी तिची चाल. ही चाल आखूड आणि मऊ असल्यामुळे कसलेला शिपाई मिनिटाला पंधरा नेम धरलेल्या गोळ्या झाडत असे, आणि हाताने बोल्ट ओढण्याच्या रायफलींत हा वेग असामान्यच होता.

तिची खोड काडतुसात होती. .३०३ च्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेपुढे बसली पाहिजे. ती मागे राहिली, तर वरचे काडतूस पुढे सरकताना खालच्याला अडते आणि बोल्ट अर्ध्यावर रुततो. म्हणून पाच-पाच काडतुसांच्या चिमट्या भरताना कडा नीट लागल्या आहेत की नाहीत, हे बोटांनी चाचपून पाहण्याची सवय रंगरुटाला पहिल्यापासून लावली जाई. दुसरी सवय सफाईची. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीतील रसायनामुळे गोळीबारानंतर नळीत क्षार उरत. ते तेलाने निघत नसत, पाण्यात मात्र विरघळत. त्यामुळे फायरिंगहून परतल्यावर नळीत उकळते पाणी ओतायचे, मग दस्त्याच्या पितळी पट्टीवरचे इवलेसे झाकण उघडून आतली तेलाची कुपी आणि पुल-थ्रू, म्हणजे नळी साफ करण्याची दोरी, काढायचा, त्याच्या फासात फ्लॅनेलची चिंधी अडकवायची आणि ती नळीतून एका दमात आरपार ओढायची. आपल्या आजोबांनी हे शेकडो वेळा केले असेल.

मात्र इटलीतील लढाईत सेक्शनचा, म्हणजे दहाएक शिपायांच्या तुकडीचा, खरा भार रायफलवर नव्हता, तो ब्रेन गनवर होता. चेकोस्लोव्हाकियातील मूळ नमुन्यावरून इंग्लंडमध्ये घडवलेली ही हलकी मशिनगन .३०३ चेच काडतूस खात असे, आणि तिची भरलेली मॅगझिने बाकीचे शिपाई आपापल्या पाऊचमध्ये वाहत. तीस गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये सहसा अठ्ठावीसच भरत, कारण स्प्रिंगवर ताण नको आणि कडा अडकायला नकोत. एका काडतुसावर रायफल आणि मशिनगन दोन्ही चालणे ही रसददारांच्या दृष्टीने मोठी सोय होती. सेक्शन कमांडरकडे बहुधा टॉमीगन ही आखूड स्वयंचलित बंदूक असे, तिचे काडतूस .४५ इंची, पिस्तुलाच्या जातीचे, वेगळे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठाच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांचे सारे सहकारी मशिनगनच्या माऱ्यात पडले, तेव्हा ते एकटे त्या ठाण्यावर चालून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशिनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलण्याइतका वेळ नाही हे पाहून आपली टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या तडाख्याने मारले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वेगाने गोळ्या सोडणाऱ्या हत्याराची मॅगझिन किती झटकन रिकामी होते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षे थ्री-नॉट-थ्रीच चालू राहिली. १९६२ साली रेझांग ला येथे १३ कुमाऊँच्या कंपनीने तिच्याच आणि हलक्या मशिनगनच्या जोरावर अखेरपर्यंत झुंज दिली. समोरच्या चिनी पायदळाकडे मात्र दर गोळीनंतर आपोआप भरणारी हत्यारे होती. त्या युद्धानंतर भारताने ७.६२ मिलिमीटरचे, ५१ मिलिमीटर लांबीच्या कोशाचे (दारू भरलेल्या धातूच्या नळकांड्याचे) काडतूस पायदळाचे मुख्य काडतूस केले आणि बेल्जियमच्या एफएएल रायफलच्या धर्तीवर इशापूरला १ए१ ही रायफल बनू लागली. आपले वडील तिला एसएलआरच (सेल्फ-लोडिंग रायफल) म्हणत असतील. गोळी नळीतून जात असता मागच्या वायूचा थोडा भाग एका छिद्रातून वर येतो, दट्ट्याला मागे रेटतो, रिकामा कोश बाहेर फेकला जातो आणि नवे काडतूस आत येते. शिपायाने दर वेळी फक्त चाप दाबायचा. मॅगझिन वीस गोळ्यांची. काडतुसाची बाहेर आलेली कडही गेली आणि तिच्याबरोबर अडकण्याची भीतीही.

१९७१ च्या डिसेंबरात ढाक्याच्या वाटेवरील जमालपूरला पहिल्या मराठाने, म्हणजे जंगी पलटणीने, पाकिस्तानी ठाण्याला पाठीमागून वेढा घातला होता. ब्रिगेडियर हरदेव सिंग क्लेर यांनी शरणागतीचे पत्र पाठवले, तर आतल्या बटालियनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तरासोबत एक गोळी गुंडाळून धाडली आणि पुढच्या वेळी क्लेर यांच्या हाती लेखणीऐवजी स्टेनगन पाहायला मिळावी, अशा आशयाचा टोमणाही मारला. त्यानंतर वेढा फोडण्याचा त्यांचा प्रयत्न मराठ्यांनी मोडून काढला. बचावासाठी खंदकात बसून दूरवरून येणाऱ्यावर नेम धरायचा असेल, तर एसएलआरसारखे हत्यार नाही, असे सांगणारे जुने जवान मी पुष्कळ ऐकले आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला पटते.

तिच्यातील उणीव दिसायला वेळ लागला. भारतीय शांतिसेना १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत होती, तेव्हा समोरच्या लिट्टेकडे एके-४७ जातीची आखूड, एका दाबात अनेक गोळ्या सोडणारी रायफल होती. दाट झाडीत पंचवीस-तीस पावलांवर अचानक गाठ पडते, तेव्हा सव्वाचार-साडेचार किलोची, एक मीटरहून लांब आणि एका वेळी एकच गोळी सोडणारी एसएलआर वळवता वळवता दुसरा आपले काम करून जातो. पुढे काश्मीरच्या गल्ल्यांत तोच अनुभव आला. म्हणून पूर्व युरोपातून एके जातीच्या रायफली घेण्यात आल्या आणि दुसरीकडे पुण्यात आखलेली ५.५६ मिलिमीटरची इन्सास आली. तिच्याविषयी खाली वेगळा प्रश्न आहे.

आपल्या मुलाच्या हाती आज काय असेल, हे त्याची पलटण कुठे आहे यावर अवलंबून आहे. इन्सास अजून पूर्णपणे गेलेली नाही. २०१९ साली अमेरिकी बनावटीच्या ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार झाला; त्या एसएलआरचेच ७.६२×५१ काडतूस वापरतात. डिसेंबर २०२१ मध्ये ६,०१,४२७ एके-२०३ रायफलींचा करार झाला आणि त्या उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे भारत-रशिया संयुक्त कंपनीत बनत आहेत. त्यांचे काडतूस ७.६२×३९. म्हणजे आज पायदळाच्या साठ्यात तीन जातींची काडतुसे एकाच वेळी आहेत. आपल्या आजोबांच्या सेक्शनमध्ये रायफल आणि ब्रेन एकाच काडतुसावर चालत होत्या, ही गोष्ट येथे आठवावी. हत्यार म्हणून आजची प्रत्येक रायफल आपापल्या कामाला उत्तम आहे, परंतु पुरवठ्याच्या दृष्टीने ही घडी मला अजून विस्कटलेलीच दिसते.

प्रश्न : १८५७ च्या उठावाला एनफिल्ड रायफलची चरबी लावलेली काडतुसे कारणीभूत झाली, असे आम्ही शिकलो. त्याच वर्षी कोल्हापुरातही पलटण उठली होती. तिच्याकडे हीच रायफल होती का? आणि ती चालत कशी असे? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ रोजी मुंबई सैन्याची २७ वी देशी पलटण उठली. तिच्याकडे एनफिल्ड होती, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. त्या वर्षी नव्या रायफलचे शिक्षण मुख्यतः बंगाल सैन्यातील डमडम, अंबाला आणि सियालकोट या ठिकाणी सुरू झाले होते, आणि देशी पलटणींतील बहुसंख्य शिपायांच्या खांद्यावर जुनी, गुळगुळीत नळीची मस्केटच होती. परंतु काडतुसाच्या वार्तेला रायफल हातात असण्याची गरज नव्हती. ती पलटणीपलटणीतून पत्रांनी आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या तोंडून पसरत होती. शिवाय कोल्हापूरच्या उठावाला संस्थानातील असंतोषाची स्वतंत्र पार्श्वभूमी होती. त्याच डिसेंबरात शहरात पुन्हा उठाव झाला आणि पुढे कोल्हापूरच्या राजांचे धाकटे बंधू चिमासाहेब महाराज यांना कराचीला नेऊन ठेवण्यात आले. एवढा सगळा इतिहास एका काडतुसाच्या गळ्यात बांधणे बरोबर होणार नाही.

रायफल कशी चालत असे, हे समजले की चरबीचा प्रश्न का उद्भवला तेही कळते. मस्केटची गोळी नळीपेक्षा किंचित लहान, गोल, सैल. ती नळीत घरंगळत खाली जाई, त्यामुळे भरायला सोपी. पण बाहेर पडताना नळीच्या भिंतींवर आदळत जाई आणि शंभर यार्डांपलीकडे ती कुठे जाईल, हे सांगता येत नसे. १८५३ च्या एनफिल्डच्या नळीत चक्राकार खाचा होत्या आणि गोळी लांबट, बुडाशी पोकळ होती. बार उडाला की वायूच्या दाबाने ते पोकळ बूड फुगे, खाचांना घट्ट बसे आणि गोळी स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडे. म्हणून ती कित्येक शे यार्डांवर नेमाने जाई. आता फुगणारी गोळी म्हणजे नळीत शिसे आणि काजळी साचणार, पुढची गोळी उतरणार नाही. ते टाळण्यासाठी कागदी काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला चरबी किंवा मेणाचा लेप. दारूकडचे टोक दातांनी फाडण्याची कवायत मस्केटच्या काळापासून चालत आलेली होती. नवे आणि संशयास्पद होते ते वंगण. पुढे काडतूस हाताने फाडण्याची मुभा देण्यात आली, पण तोवर फार उशीर झाला होता.

उठावानंतरचा परिणाम याहून दीर्घकाळ टिकला, आणि पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. देशी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींच्या बरोबरीचे हत्यार द्यायचे नाही, असे धोरणच झाले. गोऱ्यांकडे खाचांची नळी, तर यांच्याकडे गुळगुळीत. गोऱ्यांना पाठीमागून भरण्याची मार्टिनी-हेन्री मिळाली, तेव्हा यांना जुन्या एनफिल्डचे मागून भरण्याजोगे केलेले स्नायडर हे रूप. आणि गोऱ्यांकडे मॅगझिनची ली-मेटफर्ड आली, तेव्हा यांच्याकडे मार्टिनी-हेन्री. १२ सप्टेंबर १८९७ रोजी वायव्य सरहद्दीवरील सारागढीला ३६ व्या शीख पलटणीचे एकवीस जवान लढले, ते एका वेळी एकच काडतूस भरणाऱ्या मार्टिनी-हेन्रीने. १९१४ साली हिंदी सैन्य फ्रान्सला गेले, तेव्हा मार्सेयला उतरल्यावर त्यांच्या जुन्या रायफली काढून घेऊन नव्या द्याव्या लागल्या, कारण जुन्या रायफलींना तिथले नवे काडतूस चालत नव्हते. अनोळखी रायफल घेऊन माणसे काही आठवड्यांतच खंदकांत उतरली. सत्तावन्नची धास्ती शिपायांना सत्तावन्न वर्षांनी अशी भोगावी लागली.

प्रश्न : आम्ही नोकरीत असताना एसएलआर जमा करून इन्सास घेतली. आज इन्सासविषयी जो तो वाईटच बोलतो. ती खरोखर इतकी वाईट होती का? (निवृत्त हवालदार, शिरोळ तालुका)

उत्तर : आपण ती प्रत्यक्ष हाताळली आहे, त्यामुळे आपले मत माझ्यापेक्षा वजनदार धरले पाहिजे. तरी कागदावर दिसते ते असे.

पुण्यात पाषाण येथील एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने तिचा आराखडा केला. आतली वायूची आणि बोल्टची रचना एकेच्या वळणाची, काही अंगे एफएएलची, काडतूस ५.५६×४५. गोळी सुमारे चार ग्रॅमची, तर एसएलआरची साडेनऊच्या आसपास. यामागचा विचार चुकीचा नव्हता. हलके काडतूस म्हणजे तेवढ्याच वजनात जवळजवळ दुप्पट गोळ्या, धक्का कमी, आणि नवख्याचाही नेम चांगला. इन्सासच्या नेमाविषयी तक्रार मी क्वचितच ऐकली. पूर्ण स्वयंचलित मारा मुद्दाम न ठेवता तीन गोळ्यांची झड ठेवली, ती गोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून. येथेही काडतुसाची काटकसरच बोलत होती. सुरुवातीच्या काळात तर या काडतुसांचे देशातील उत्पादन अपुरे पडले आणि ती बाहेरून आणावी लागली.

घोटाळा झाला तो तपशिलात. मॅगझिन अर्धपारदर्शक प्लास्टिकची केली; किती गोळ्या उरल्या ते दिसावे, ही कल्पना चांगलीच होती, पण १९९९ साली कारगिलच्या उंचीवर, कडाक्याच्या थंडीत त्या मॅगझिना तडकल्या. काही रायफली अडकत, तर काहींतून झाडताना तेलाचे तुषार डोळ्यांवर येत. पुढे बऱ्याच सुधारणा झाल्या. तरी एकदा हत्यारावरचा विश्वास उडाला की सुधारलेल्या हत्याराकडेही जवान संशयानेच पाहतो. आणखी एक अन्याय तिच्यावर झाला, असे मला वाटते. तिची आखणी १९८० च्या दशकातील उघड्या रणांगणाच्या लढाईसाठी झाली होती आणि ती सैन्यात आली तोवर काम उरले होते काश्मीरमधल्या घराघरांतील झडतीचे. तिथे जवानाला अतिरेक्याच्या हातातलेच हत्यार, एके, हवे होते. त्याने ते मागून घेतले आणि बरोबरच केले.

थोडक्यात, आराखडा मध्यम, कारागिरी कच्ची आणि वेळ चुकलेली. वाईट म्हणून हेटाळण्यापेक्षा हे तीन दोष वेगवेगळे पाहावेत, कारण पहिल्याची जबाबदारी आखणाऱ्यांची, दुसऱ्याची बनवणाऱ्यांची आणि तिसऱ्याची निर्णय लांबवणाऱ्यांची आहे.

प्रश्न : आमचा शिवाजी उद्यमनगरात मशिनिंगचा छोटा व्यवसाय आहे. ऑइल इंजिनापासून मोटारीच्या भागांपर्यंत सगळे कोल्हापुरात बनते. मग रायफलमध्ये असे काय अवघड आहे, की ती बाहेरून घ्यावी लागते? (एक उद्योजक, कोल्हापूर)

उत्तर : एक रायफल बनवणे आपल्याला मुळीच अवघड नाही, आणि आपल्याला त्याचा मोह पडू नये म्हणून कायदाही आहे. अवघड आहे ते एकसारख्या एक लाख रायफली बनवणे.

हे दोन जागी विशेष जाणवते. पहिली नळी. ली-एनफिल्डच्या नळीत पाच खाचा असत आणि दर दहा इंचांत त्या डावीकडे एक पूर्ण वेढा घेत. एवढ्या लांबीचे भोक सरळ पाडणे, मग नळी पुन्हा तपासून, गरज तर ठोकून सरळ करणे, हे जुन्या काळी अनुभवी कारागिराच्या डोळ्याचे काम होते. तो नळीतून उजेडाकडे पाहून आतल्या सावलीच्या रेषेवरून बाक ओळखत असे. आज यंत्रे आहेत, तरी पोलाद आणि त्याला दिलेले पाणी बिघडले की नळी लवकर झिजते.

दुसरी जागा बोल्ट आणि काडतुसाचे बूड यांच्यामधली फट. बोल्ट बंद केल्यावर ही फट नेमकी हवी. .३०३ मध्ये काडतुसाच्या कडेसाठी सोडायच्या जागेची किमान आणि कमाल मापे .०६४ आणि .०७४ इंच होती, म्हणजे सारी मोकळीक पाव मिलिमीटरची. फट कमी झाली तर बोल्ट बसत नाही. जास्त झाली तर कोश ताणला जाऊन फाटतो आणि वायू शिपायाच्या तोंडाकडे येतो. या मापात हजारो रायफली बसवायच्या आणि एकीचा बोल्ट दुसरीत शक्यतो मिसळू द्यायचा नाही, हे कारखान्याचे खरे कौशल्य. माप बसते की नाही हे दाखवणारे ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेज आपण उद्यमनगरात वापरत असालच; बंदुकीच्या कारखान्यांनी ही पद्धत फार आधीपासून अंगी बाणवली होती.

इशापूरच्या कारखान्याला हे येत नव्हते, असे मुळीच नाही. १९६२ नंतर त्यांनी थ्री-नॉट-थ्रीचाच सांगाडा ठेवून, अधिक दाब सोसणारे पोलाद वापरून, ७.६२×५१ काडतुसाची २ए आणि नंतर २ए१ ही बोल्टची रायफल काढली. जुनी गोलसर मॅगझिन जाऊन बारा गोळ्यांची चौकोनी आली, आणि २ए१ वर २००० ऐवजी ८०० मीटरपर्यंतचाच नेम धरण्याचा दर्शक बसवला, जो वास्तवाला धरून होता. नवी एसएलआर पुरेशी मिळेपर्यंत जुनी यंत्रे आणि नवे काडतूस यांची सांगड घालण्याची ही युक्ती मला फार आवडते. एसएलआर बनवताना मात्र इंच-मापाच्या ब्रिटिश कुळीची आणि मिलिमीटर-मापाच्या युरोपीय कुळीची सरमिसळ झाली, आणि आपल्या रायफलचे कित्येक भाग या दोन्ही कुळींत बसेनासे झाले. मापांची एकच शिस्त न धरण्याची किंमत काय असते, हे आपल्या व्यवसायातील माणसाला सांगायला नको.

आणि काडतुसे? ती महाराष्ट्रातच बनतात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे, आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना १९६२ च्या युद्धानंतरच्या विस्तारातला. २०२१ साली या कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, तेव्हा दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यालाच राहिले.

प्रश्न : एसएलआर ७.६२ आणि एकेही ७.६२. मग एकीची गोळी दुसरीत चालते का? (एक विद्यार्थी, इचलकरंजी)

उत्तर : चालत नाही. ७.६२ हे नळीच्या व्यासाचे माप आहे. कोशाची लांबी एसएलआरला ५१ मिलिमीटर आणि एकेला ३९. लांब कोशात दारू जास्त, म्हणून साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला आठशे मीटरहून अधिक वेगाने निघते. एकेची आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७१५ मीटरने. दूरच्या नेमाला पहिली, जवळच्या धुमश्चक्रीला दुसरी.

प्रश्न : थ्री-नॉट-थ्री आता पूर्णपणे संपली का? जुन्या रायफली आपल्या भागात कुठे पाहायला मिळतील? (एक वाचक, कागल)

उत्तर : सैन्याच्या पहिल्या फळीतून ती केव्हाच गेली, पण पोलिसांकडे फार काळ राहिली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके रायफली घेऊन आलेल्या अतिरेक्यांसमोर रेल्वे पोलिसांच्या हाती हीच रायफल होती, आणि त्यानंतर राज्याच्या पोलिसांना नवी हत्यारे देण्याचा विषय ऐरणीवर आला. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २६ जानेवारी २०२० रोजी समारंभपूर्वक निरोप दिला.

पाहण्यासाठी कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील शहाजी छत्रपती संग्रहालयात हत्यारांचा मोठा संग्रह आहे, परंतु तो मुख्यतः राजघराण्याचा. पायदळाच्या पलटणीची हत्यारे पाहायची, तर बेळगावचे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल संग्रहालय गाठावे. ते छावणीच्या हद्दीत असल्यामुळे जाण्यापूर्वी प्रवेशाची चौकशी करावी. कोल्हापूर संस्थानची राजाराम रायफल्स ही फौज संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर याच रेजिमेंटमध्ये सामावली गेली, त्यामुळे आपल्या जिल्ह्यातील वाचकांना तिथे ओळखीचे बरेच काही सापडेल.